कागदावर वर्गात नसलेली बाई

शिकवण्यात गुंतलेला शिक्षक हा प्रशिक्षणाच्या दृष्टीने गैरहजर असतो. इतके उघड सत्य आजवर कुणाला दिसले कसे नाही याचे नवल वाटते. पण मोठी सत्ये अशीच वाटेत पडलेली असतात आणि कुणीतरी त्यांना अडखळून पडल्याखेरीज सापडत नाहीत. या सत्याला अडखळला तो मोठ्या आईचा जावई. तो शिक्षकांच्या प्रशिक्षण कार्यालयात साहेब होता आणि महिन्यातले दोन रविवार सासुरवाडीला जेवायला येत असे.

मोठ्या आईची त्याच्याबद्दल तक्रार होती ती नेमकी या जेवणाची. जेवायला बसलेल्या माणसाने ताटाकडे बघावे. हा समोरच्या भिंतीकडे बघे. भिंतीवर त्याला आलेख दिसत असे. घास हातात, हात हवेत, आणि नजर भिंतीवर वर-वर चढत चाललेली. मध्येच तो 'सहभाग वाढतोय' असे भिंतीला सांगे आणि घास तोंडात टाके. एकदा तिने मुद्दाम बिनमिठाची भाजी वाढून पाहिली, तर चव समतोल आहे असा त्याने अभिप्राय दिला. पण करता काय? मुलगी दिलेले घर. जिच्या तोंडाला लागायला दूधवालाही धजत नसे, ती बाई महिन्यातले दोन रविवार तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाई आणि वर 'आणखी वाढू का, जावईबापू?' असेही विचारी.

मोठी आई दुसरी पास होती. (तिसरीत नाव घातले होते, पण धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला कुणीतरी हवे होते, तेव्हा तिचे पुढचे शिक्षण त्याने घेतले.) छापलेले वाचताना तिला अक्षरावर बोट ठेवावे लागे. माणसे मात्र ती बोट न ठेवता वाची.

तिची सून दोन रस्ते पलीकडच्या शाळेत दुसरीला शिकवत होती. वर्गात त्रेचाळीस मुले. सुनेची एक जुनाट पद्धत होती: ती रोज प्रत्येक मुलाकडून अर्धे पान मोठ्याने वाचून घेई. एकेकाचे, बाकाशी वाकून, कान देऊन. एका मुलाला अडीच मिनिटे धरली तरी सगळ्यांचे होईस्तोवर पावणेदोन तास उलटत, आणि या पावणेदोन तासांत तिचे स्वतःचे प्रशिक्षण शून्य होत असे. हे जावयाने आकडेवारीनिशी सिद्ध केले होते. तालुक्यातले सगळे शिक्षक मिळून दररोज अकराशे तास नुसते शिकवण्यात घालवतात, असे त्याच्या पाहणीत आढळले होते. ही गळती थांबवणे भाग होते.

ती थांबवण्यासाठी 'शिक्षकवेल' आली. ही वेल मोबाइलवर उगवत असे. प्रत्येक शिक्षकाने सहामाहीत तीवर साठ तासांचे व्हिडिओ बघायचे, प्रत्येक व्हिडिओनंतर दीडशे शब्दांचे चिंतन लिहायचे, आणि दुसऱ्या पाच शिक्षकांच्या चिंतनाला प्रतिसाद द्यायचा, म्हणजे शिक्षक एकमेकांकडून शिकतात. यात चढत्या तीन पायऱ्या होत्या: अंकुर, फांदी आणि मांडव. योजना निर्दोष होती. दोष निघाला तो शिक्षकांत. त्यांनी व्हिडिओ लावून मोबाइल खडूच्या डब्याला टेकवला आणि खुशाल शिकवत राहिले.

ही फसवणूक उघडकीस आल्यावर जावयाने स्वतः डोके चालवून हिरवे पान शोधून काढले. दर सहा मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यात एक पान उगवे, कधी डाव्या, कधी उजव्या. दहा सेकंदांच्या आत त्यावर बोट ठेवले तर शिक्षक सजग आहे असे धरले जाई. नाही ठेवले तर व्हिडिओ पहिल्यापासून. (हेच पान मुलांना का लावत नाही, असे मोठ्या आईने एकदा टोमण्याने विचारले. जावयाने खिशातून वही काढून ते लिहून घेतले, तेव्हा ती घाबरून स्वयंपाकघरात निघून गेली.)

पहिल्या महिन्यात सुनेने एकच व्हिडिओ पाहिला. त्याचे नाव 'मुलांकडे लक्ष कसे द्यावे'. तो तिला अकरा वेळा पहिल्यापासून बघावा लागला, कारण दर वेळी पान उगवायला आणि एखाद्या मुलाने काहीतरी विचारायला एकच गाठ पडे. महिन्याअखेरीस तिला पिवळी नोटीस आली, पुढल्या महिन्यात तांबडी. तिसरी आली असती तर नियमाप्रमाणे तिचा वर्ग काढून घेऊन तिला कार्यालयात पुनर्प्रशिक्षणाला बसवण्यात येणार होते. मुलांचे नुकसान होऊ नये याची काळजी कार्यालयाने घेतली होती: त्या काळात वर्गात व्हिडिओ लागणार होते.

सून तांबडी नोटीस घेऊन घरी आली ती ओट्याशीच बसली. नोकरीचे तिला फारसे वाटत नव्हते. शेवटच्या बाकावर शिंपिणीची मुलगी होती. तिने शाळा सुरू झाल्यापासून वर्गात तोंडातून एक अक्षर काढले नव्हते. घरी म्हणे चुरूचुरू बोलायची. वर्गात पुस्तक समोर धरले की ओठ हलत, आवाज निघत नसे. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखा काहीतरी आवाज आला होता. आता वर्ग गेला तर तो आवाज आत जायचा तो कायमचा, असे सुनेचे म्हणणे.

मोठ्या आईचा मुलगा म्हणाला, घरचेच तर साहेब आहेत, त्यांच्या कानावर घालू. मोठ्या आईने रविवारी, जावयाची दुसरी वाढ झाल्यावर, अगदी आडून आडून विषय काढला. जावयाने भिंतीवरची नजर खाली आणली आणि समजावून सांगितले, की प्रणालीत नात्यागोत्याला जागा नसते. नाती आली की प्रणाली कोसळते. एवढे बोलून त्याने नजर पुन्हा भिंतीवर नेली.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असे पुटपुटत मोठ्या आईने सोमवारी सुनेचा मोबाइल घरी ठेवून घेतला.

मोबाइल चहाच्या डब्याला टेकवून ती समोर वाटाणे सोलत बसली. पान उगवले, दाबले. उगवले, दाबले. लोकांना वाटते सजगता ही अवघड गोष्ट आहे. ज्या बाईने चाळीस वर्षे दूध उतू जाण्याच्या आदल्या क्षणी खाली उतरवले आहे, तिला दहा सेकंद म्हणजे माहेरपण. पहिल्या आठवड्यात चौदा तास झाले. शंभर टक्के पाने दाबली गेली. त्यांतली तीन तर उगवायच्या बेतात असतानाच.

व्हिडिओ ती नुसते लावत नसे, बघतही असे. (इथे ती बाकीच्यांहून वेगळी पडली.) एका व्हिडिओत कोट घातलेला माणूस बावीस मिनिटे सांगत होता, की मूल केंद्रस्थानी असावे. त्याने एक वर्तुळ काढले, मधोमध मूल काढले आणि चारी बाजूंनी मुलाकडे बाण सोडले: शासन, शाळा, पालक, समाज, तंत्रज्ञान. मोठ्या आईने संध्याकाळी सुनेला विचारले, की एवढे बाण लागल्यावर ते पोर वाचणार कसे?

मग आले चिंतन. लिहायचे म्हणजे पंचाईत होती, पण बोललेले आपोआप लिहून घ्यायची सोय मोबाइलमध्ये असते हे सुनेने दाखवून दिले. आपण बोलावे आणि दुसऱ्याने मध्ये न बोलता ते मुकाट्याने उतरवून घ्यावे, ही सोय मोठ्या आईला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती. दीडशे शब्द तिला पहिल्याच दमात अपुरे पडले. वर्गातल्या शिस्तीवरचे तिचे चिंतन असे निघाले: 'पोरं गप्प बसत नाहीत ही तक्रार सगळ्यांची. गप्प बसलेली पोरं बघितली आहेत का कधी? आजारी असतात ती.' पुढे आणखी बरेच होते, आणि त्यात दूधवाल्याचाही उल्लेख होता.

सुनेच्या नावाखाली हे वेलीवर चढले आणि प्रतिसाद येऊ लागले. 'खूप छान.' 'प्रेरणादायी.' 'खूपच प्रेरणादायी.' 'अनुकरणीय विचार, मॅडम.' पंचवीसेक प्रतिसाद वाचून झाल्यावर मोठ्या आईला शंका आली, की सगळी माणसे एकच तोंड भाड्याने वापरत आहेत. सव्विसावा मात्र वेगळा होता. पाचवीच्या कुणा गुरुजींनी लिहिले होते, की विचार पटला, पण फार वेळ एका जागी बसून पान दाबल्याने गुडघे धरतात, त्यावर काही उपाय आहे का.

मोठी आई माणूस ओळखत होती. पाचवीचे गुरुजी गुडघ्यावर जात नाहीत, ते वेतनश्रेणीवर जातात. तिने सरळ विचारले, तुम्ही नक्की कोण? उत्तर आले: मी गुरुजींचा बाप. केस कापायचं दुकान होतं, ते आता थोरला बघतो. आपण? तिने कळवले, मी सासू.

तिथून वेल खऱ्या अर्थाने बहरली. मोठ्या आईने मनावर घेऊन एकेकाला गाठले, बोलते केले, आणि तीन आठवड्यांत शिरगणती पुरी झाली. शिक्षकवेलीवर एकूण शिक्षक दोनशे चौदा. पैकी आया व सासवा एकसष्ट, नवरे बावन्न, बायका चव्वेचाळीस, दीर, मेहुणे व इतर रिकामे नातलग एकतीस, सासरे व वडील एकोणीस (एक जण जागेवरून न उठता काठीच्या टोकाने पान दाबत), आणि खरे शिक्षक सात. या सातांपैकी दोघे मागच्या वर्षीच निवृत्त झाले होते. त्यांना कुणी कळवले नव्हते.

मग शिक्षक होते कुठे? त्याचा शोध घेतला असता ते वर्गात आढळून आले.

आता दोनशे सात अनुभवी माणसे रोज समोरासमोर बसलेली म्हटल्यावर ज्ञानाची देवाणघेवाण होणारच. 'मूल्यमापनाचे नवे प्रवाह' या व्हिडिओखाली शर्टावरचा शाईचा डाग काढण्याचे नऊ उपाय जमले. 'सर्जनशील प्रश्न' या व्हिडिओखाली दोन लग्ने जुळली आणि एक वेळेत मोडले. जावयाच्या आलेखात हे सगळे 'अर्थपूर्ण संवाद' या रकान्यात पडत होते आणि रकाना दुथडी भरून वाहत होता.

आणि न्याय द्यायचा तर खरा द्यावा: त्या वेलीवर शिक्षणही झाले. एकदा झाले. मोठ्या आईने सहज बोलता बोलता शिंपिणीच्या मुलीचे सांगितले. न्हाव्याने लिहिले, की बाईंना म्हणावं समोर उभ्या राहू नका. चाळीस वर्षं पोरांचे केस कापले मी. समोर गेलं की पोर कात्री बघतं आणि बोंब मारतं. मागं उभं राहायचं. मागं उभं राहिलं की दोघंही आरशात, एकाच दिशेला बघतात. मग त्याला वाटतं, हा माणूस आपल्या बाजूचा आहे.

सुनेने दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकाच्या मागे जाऊन मुलीच्या खांद्यावरून पुस्तकात पाहिले. दोघींची नजर एकाच ओळीवर. असे रोज केले. सातव्या दिवशी मुलीने 'माझे घर' एवढे दोन शब्द वाचले आणि स्वतःच दचकली. साठ तासांच्या प्रशिक्षणातला हा एवढाच भाग सुनेच्या उपयोगी पडला. तो अभ्यासक्रमात नव्हता.

सहामाही संपली. सुनेचे तास झाले एकशे नव्वद, चिंतने एकशे बारा, सजगता शंभर टक्के. तिसरी नोटीस तर टळलीच. सबंध वेलीत पहिला नंबर आला. नियमाप्रमाणे पहिला नंबर आलेल्याला 'मांडव' पद मिळते, आणि मांडवाला पोचलेल्या शिक्षकाला दोन वर्षे कार्यालयात बोलावून घेण्यात येते, जेणेकरून त्याने इतर शिक्षकांना सजग कसे राहावे हे दाखवावे. जावई सहीशिक्क्याचा हुकूम घेऊन जातीने घरी आला. प्रणालीत नात्यागोत्याला जागा नाही हे पुन्हा एकदा सिद्ध झाले, असे म्हणाला.

वर्गाचे काय, असे सुनेने विचारले. व्हिडिओ लागतील, असे तो म्हणाला.

म्हणजे नापास झाली असती तरी वर्ग जात होता आणि पहिली आली म्हणूनही वर्ग जात होता. चांगल्या व्यवस्थेची खूण हीच, की तिच्यात कुठूनही शिरले तरी माणूस एकाच दारातून बाहेर पडतो. सुनेने आत जाऊन भांडी घासायला घेतली. सगळी घासलेलीच होती. मोठी आई तिच्याकडे बघत राहिली. हा उपद्व्याप तिचा स्वतःचा होता. साठ-बासष्ट तासांवर थांबली असती तर काही बिघडले नसते. पण लोकांनी 'अनुकरणीय, मॅडम' म्हटले की तिचा हात थांबत नसे. दुसरी पास बाईला कुणी मॅडम म्हणायची ती पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने 'शाळा आणि समाज' या विषयावर चिंतन केले. त्यात स्पष्ट शब्दांत सांगितले, की येत्या गुरुवारी कुणीही पान दाबायचं नाही, माझ्या सुनेचा वर्ग जातोय. कट शिजवायला चव्हाट्यासारखी सुरक्षित जागा नाही. दोनशे सात जणांनी ते वाचले. कार्यालयातल्या कुणीही वाचले नाही, कारण चिंतने वाचणे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

गुरुवारी आलेख सातावर आला. (निवृत्त झालेल्या त्या दोघांचे कौतुक करावे तेवढे थोडे.) शुक्रवारी वरचे साहेब तो आलेख बघायला यायचे होते. गुरुवारी दुपारी जावई रविवार नसताना दारात उभा राहिला. मोठ्या आईने पान वाढले. त्या दिवशी प्रथमच तो ताटाकडे बघत जेवला.

तिने त्याला सगळे सांगितले. पान कोण दाबते, चिंतने कुणाची, शिरगणती कशी केली, न्हावी कोण. त्याने मध्ये एकदाही अडवले नाही. सगळे झाल्यावर एवढेच विचारले, की हे कुठे लिहून ठेवलेलं नाही ना. तिने सांगितले, सगळंच लिहिलेलं आहे, चार महिने झाले, तुमच्या वेलीवरच आहे. तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. वेलीवर असेल तर काळजी नाही, तो म्हणाला, तिथं कुणी वाचत नाही.

मग मागणीवर चर्चा झाली: सुनेचा वर्ग सुनेकडेच राहावा, तर शुक्रवारी पाने पुन्हा दाबली जातील. हुकूम रद्द करता येत नव्हता, कारण रद्द करायचा तर कारण द्यावे लागते आणि कारण खरे होते. पण प्रामाणिकपणे शोधले तर नियमात काय सापडत नाही? नियम चौदा सापडला: 'मांडव पदासाठी निवड प्रोफाइलची होईल.' शिक्षकाची होईल असे कुठेही म्हटलेले नव्हते. त्यानुसार सुनेच्या प्रोफाइलची कार्यालयात नेमणूक झाली. प्रोफाइलने मांडवावर बसायचे, म्हणजे मोठ्या आईने स्वयंपाकघरात. सून कागदोपत्री कार्यालयात गेली आणि सोमवारी दहा वाजता वर्गात.

वर्गाच्या नोंदीपुढे 'शिक्षक उपलब्ध नाही' असा शेरा पडला. मुख्याध्यापकांनी तिला न बघण्याचे कबूल केले. पहिले काही दिवस चुकून 'नमस्कार बाई' म्हणत, मग सराव झाला.

आणि त्या वर्गाचे सोन्याचे दिवस आले. शिक्षकच उपलब्ध नाही म्हटल्यावर त्याला माहिती तरी कोण मागणार? पत्रके आली नाहीत, तक्ते आले नाहीत, जनावरांची मोजणी आली नाही, तातडीच्या बैठका आल्या नाहीत, आणि आपण आनंददायी शिकवता का, या प्रश्नाचे पाचापैकी एक उत्तर निवडायला कुणी सांगितले नाही. त्रेचाळीस मुले, एक बाई, रोजचे पावणेदोन तास. बाई मात्र आता समोर नाही, मागे उभी.

वर्षाअखेरीस बाहेरचे परीक्षक येऊन प्रत्येक शाळेत दुसरीची मुले वाचतात का ते बघून गेले. वेलीवरच्या वर्गांत शंभरातली बेचाळीस मुले वाचत होती. शिक्षक उपलब्ध नसलेल्या वर्गात त्रेचाळीसपैकी एक्केचाळीस, आणि उरलेली दोन कांजिण्यांनी घरी होती. शिंपिणीच्या मुलीने दिलेले पान संपवले आणि परीक्षकाला विचारले, की पुढचं तुम्ही वाचता का मी वाचू.

हा निकाल जावयाच्या हाती पडला. आकडे समोर असताना डोळेझाक करणाऱ्यांतला तो नव्हता. आठ दिवस त्याने तो निकाल उलटसुलट पाहिला, आणि शास्त्राला धरून जो एकच निष्कर्ष निघत होता तो काढला: वर्गातून शिक्षक काढून घेतला की मुले वाचू लागतात. अहवाल बत्तीस पानांचा झाला. नाव 'शिक्षकविरहित वर्ग: एक यशस्वी प्रयोग'. वरच्या साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. येत्या वर्षापासून दोनशे चौदाही शिक्षकांना मांडवावर घ्यायचे ठरले. त्यांच्यासाठी एक सभागृह झाडून घेण्याचे काम सुरू झाले, दोनशे चौदा खुर्च्या मांडल्या गेल्या, आणि या खेपेस प्रोफाइल नव्हे तर माणूस स्वतः हजर हवा, अशी नियम चौदामध्ये दुरुस्तीही झाली. कारण एवढ्या मोठ्या कामात पळवाट राहता कामा नये.

रविवारी जावई तो अहवाल घेऊन जेवायला आला. सकाळीच मुलीचा फोन येऊन गेला होता, की आई, आज काही बोलू नकोस, त्यांची बढती अडकलीय यात. जावयाला मोठ्या आईकडून एक चिंतन हवे होते. मांडवावरच्या पहिल्या प्रोफाइलचा अभिप्राय अहवालाच्या सुरुवातीला छापायचा होता. दीडशे शब्द पुरे, तो म्हणाला, सकारात्मक असले की झाले. सून वाढत होती. ती वाढता वाढता थांबली आणि डाव रिकामाच परत भांड्यात ठेवून उभी राहिली.

मोठ्या आईने अहवाल घेतला. पहिल्या पानावर बोट ठेवून नाव वाचले, सावकाश, अक्षर-अक्षर. मग अहवाल मिटून त्याच्या ताटाशेजारी ठेवला, पदराला हात पुसले आणि 'आणखी वाढू का' न विचारता समोर बसली.

"जावईबापू, इतकी वर्षं तुम्ही या घरचे पाहुणे, म्हणून मी बोलले नाही. आज बोलते. तुमच्या कागदावर त्या वर्गात कुणी नव्हतं. वर्गात ही होती. रोज होती. तुमचं कुणी तिला आडवं आलं नाही, म्हणून तिला शिकवता आलं. एवढंच झालंय, प्रयोगबियोग काही झालेला नाही. आता त्या दोनशे चौदा जणांना खुर्चीवर बसवलंत, तर त्यांच्या मागं पोरांपाशी कोण उभं राहणार?"

जावयाने मान डोलावली. अगदी बरोबर बोललात, तो म्हणाला, आमच्या कार्यालयात असे बरेच लोक आहेत, त्यांनी हे ऐकायला हवं. त्याने खिशातून वही काढली.

"वही ठेवा आत," मोठी आई म्हणाली. "आणि मान डोलावू नका. सत्तर वर्षं माणसं बघतेय मी. ज्याच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं ना, तो कधी मान डोलावत नाही. त्याला राग येतो. मान तोच डोलावतो, ज्याला वाटतं हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय."